किती हीटचा माल?

आबांना दगड दाखवायचा असेल तर सकाळी नवाच्या आत गाठावं लागतं. नवानंतर ते फौंड्रीत जातात. निवृत्तीचा कागद त्यांच्या हातात केव्हाच पडला; पायांपर्यंत मात्र तो अजून पोचलेला नाही.

दगड म्हणजे उल्का. निदान आणणाऱ्याच्या मते. २२ मे २०१२ रोजी भर दुपारी नागपूर जिल्ह्यात काटोलच्या आसपास खरीखुरी उल्का फुटून तिचे तुकडे पडले, टीव्हीवर दिवसभर तेच चाललं, आणि त्या वर्षापासून आमच्याकडे कोल्हापुरात उसाखालोखाल उल्कांचं पीक यायला लागलं. कुणाला नांगरताना सापडते, कुणाला विहिरीच्या गाळात, कुणाला प्लॉटचा पाया खणताना. जुन्या पेपरात गुंडाळलेली ती वस्तू माणूस पिशवीतून अशी काढतो, की आत अंबाबाईचा दागिना असावा. वस्तू काळी, जड आणि ओबडधोबड. आणणाऱ्याच्या डोळ्यांत नवी गाडी, वर दोन मजले आणि भावकीची जिरवल्याचं समाधान.

आबा घाई करत नाहीत. आधी वस्तू तळहातावर तोलतात. मग खिशातून जुन्या स्पीकरमधलं चुंबक काढून लावतात. मग कानस घेऊन एक कोपरा घासतात आणि गुजरीतल्या सोनाराचं असतं तसलं भिंग डोळ्याला लावून तो कोपरा खिडकीच्या उजेडात धरतात. तोपर्यंत आणणाऱ्याने बंगल्याचा रंगही ठरवलेला असतो.

"स्लॅग," आबा म्हणतात.

"असं कसं आबा? चुंबक चिकटलं की!"

"चिकटंल की. लोखंडाचं थेंब अडकलंत त्यात. ही भोकं दिसतात का? बुडबुडं हैत. वरनं पडलेल्या दगडात असलं बुडबुडं नसत्यात. कोकवरच्या कुपोला भट्टीचा स्लॅग हाय, चुनखडी टाकून काढलेला साका. जुना दिसतोय, माल बरा काढलाय भट्टीवाल्यानं."

एकदा कागलकडचा एक गडी हटूनच बसला. आईची शपथ घेऊन म्हणाला, आबा, मी स्वतःच्या डोळ्यांनी पडताना बघितलंय. आबांनी त्याच्याकडे प्रेमाने पाहिलं.

"बघितलंस ते खरं रं. ट्रकमधनं पडलं ते."

आबा कोण, हे कोल्हापूरकराला सांगायची गरज नाही. शिवाजी उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावात असा एक तरी आबा प्रत्येक फौंड्रीच्या दारात भेटतो. भुवया एकदा जळून परत आलेल्या. उजव्या मनगटावर ठिणग्यांची गोंदवण. बोलणं टिपेचं, कारण उमेदीची वर्षं ब्लोअरच्या आवाजात गेली. ह्या गावात ऊस गाळायला इंजिन लागलं, इंजिनाला कास्टिंग लागलं आणि कास्टिंगला आबा लागले. पोरवयात ते कुपोल्यावर कोक भरायला लागले, मेल्टर झाले, कुपोला जाऊन विजेची इंडक्शन भट्टी आली तेव्हा तिच्यावरही उभे राहिले. वितळलेल्या लोखंडाचा रंग पाहून ते तापमान सांगत. साहेब पायरोमीटर बुडवून आकडा वाचायचे आणि मग खात्री करून घ्यायला आबांकडे बघायचे.

एवढं सगळं आयुष्य भट्टीसमोर गेल्यावर माणसाकडे जग मोजायला एकच पट्टी उरते. आबांची पट्टी म्हणजे हीट. भट्टीभर माल वितळवून ओतला, की झाली एक हीट. प्रत्येक हीटला नंबर असतो, तो कास्टिंगवर उमटवलेला असतो आणि उद्या तो भाग कुठं मोडला, तर त्या नंबरावरून कुणाच्या पाळीत, कुठल्या मालातून तो ओतला होता, हे शोधता येतं. आबांच्या मते असा नंबर माणसांवरही असायला हवा होता. देवाच्या कामात ही एवढी कसर राहिली.

पुतणीसाठी स्थळ आलं तेव्हा घरात पगार, शेती, पत्रिका असली चर्चा चालली होती. आबा मुलाला भेटून आले आणि म्हणाले, "दोन हीटचा हाय. एकदा इंजिनिअरिंगात गटांगळी खाल्ली, एकदा नोकरी गेली. दोन्हीतनं निघालाय. ओतायला हरकत न्हाई." लग्न झालं, संसार उत्तम चाललाय. गल्लीतल्या एका मुलाला दहावीला सत्त्याण्णव टक्के पडले, सगळे पेढे खात होते, आबा एकटेच काळजीत. "चिल बसलीया," म्हणाले. "झटक्यात निवलेला माल कडक असतोय, पर ठिसूळ. मशिनवर लावला की टूल मोडतंय, न्हाईतर त्योच मोडतोय." नगरसेवकपदाच्या एका उमेदवाराचं नुसतं भाषण ऐकून त्यांनी निदान केलं होतं : "स्क्रॅप लई टाकलंय, क्रॅक जाणार." तो निवडून आला. आबा अजून वाट पाहताहेत.

बायकोच्या, म्हणजे आमच्या काकींच्या बाबतीत मात्र आबा तापमान घेत नाहीत. काही भट्ट्या लांबूनच बऱ्या.

ह्या एकपट्टी माणसाच्या आयुष्यात रंकाळा तलावावर फिरताना एक सर आले. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, हळू आवाजाचे, वाक्य पुरं करणारे. कुणीतरी सरांना सांगितलं, की हे उल्का ओळखतात. सर म्हणाले, वा, किती ओळखल्यात? आबा म्हणाले, एक बी न्हाई, म्हणून तर माझं नाव हाय. तिथून दोघांची गट्टी जमली.

दुसऱ्या दिवशी सरांनी एका खऱ्या दगडाच्या कापाचा मोठा रंगीत फोटो आणला. दगड मेक्सिकोतला. ८ फेब्रुवारी १९६९ च्या मध्यरात्रीनंतर तिथल्या चिवावा राज्यात अलेंदे गावाभोवती आकाशातून दगडांचा वर्षाव झाला. दोन टनांहून जास्त माल गोळा केला लोकांनी. फोटोत काळसर भुकटीचा घट्ट थापा, त्यात मोहरीएवढ्या राखाडी गोळ्या आणि मधूनमधून पांढरे, वेडेवाकडे डाग. काही ज्वारीच्या दाण्याएवढे, एखादा पार चिंचोक्याएवढा.

आबांनी भिंग लावलं. बराच वेळ पाहिलं. मग फोटो परत दिला.

"रिजेक्ट."

"का?"

"पांढरं दिसतंय ते काय? अस्तर पडलंय मालात. लॅडलचं अस्तर ढिलं झालं की असलं तुकडं कास्टिंगात येत्यात. इन्स्पेक्शनला दाखवला असतासा तर लाल खडूची फुली मारली असती."

सर उडालेच. कारण आबांनी जे अडाणीपणाने म्हटलं, ते रसायनाच्या दृष्टीने बहुतेक बरोबर होतं. त्या पांढऱ्या डागांत कॅल्शियम, ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम यांची ऑक्साइडं ठासून भरलेली असतात; म्हणजे भट्टीच्या विटेत आणि अस्तरात माणूस जे मुद्दाम घालतो, तेच. त्यातलं स्पिनेल गुजरीत खडा म्हणून अंगठीत बसतं आणि पोलादाच्या कारखान्यात लॅडलच्या अस्तरातही बसतं, कारण ते दोन हजार अंशांच्याही वर तापवल्याशिवाय वितळत नाही.

"फक्त एक आहे आबा," सर म्हणाले. "ज्या मालावर तुम्ही फुली मारली ना, तो सूर्यमालेतला सगळ्यात जुना माल आहे. युरेनियमचं शिसं किती झालं ते मोजून त्याचं वय काढलंय. चारशे छप्पन्न कोटी सत्तर लाख वर्षं. त्याच्या आधी घट्ट झालेलं आपल्या सूर्यमालेतलं काहीही अजून मोजलेलं नाही. पृथ्वीही नंतरची. आपला पन्हाळा ज्या लाव्हाच्या थरांवर उभा आहे, ते जेमतेम साडेसहा कोटींचे."

आबांनी फोटो परत मागून घेतला. साडेसहा कोटींचा पन्हाळा पोरसवदा ठरल्याचं त्यांना वाईट वाटलं असावं. पण त्यांनी विचारलं ते वेगळंच.

"भट्टी कुणाची?"

हा प्रश्न पुढं फार दिवस चालला. त्या वेळी सरांनी एवढंच सांगितलं, की सूर्य नुकता बनत होता, त्याच्याभोवती तापलेल्या वायूचा मोठा थाळा फिरत होता. वायू निवत गेला तसा त्यातून पहिल्यांदा हा चिवट माल घट्ट झाला, साधारण दीड हजार अंशांच्या अलीकडे-पलीकडे. कुठलं खनिज कुठल्या तापमानाला बाहेर पडेल, याचा हिशेब लॉरेन्स ग्रॉसमन यांनी १९७२ साली मांडला आणि तो ह्या डागांतल्या खनिजांशी बऱ्यापैकी जुळला.

"आणि लोखंड?"

"लोखंड त्यानंतर. आणखी निवल्यावर."

आबांना हा अपमान गिळायला वेळ लागला. त्याहून मोठा आक्षेप पुढं होता. "सर, तुम्ही म्हणतासा वायू निवला आणि घट्ट माल झाला. मधलं पातळ कुठं गेलं? पातळ झाल्याबिगर घट्ट होत न्हाई. मी ह्या हातानं जन्मभर ओतलंय."

सरांनी दाब कमी असतो, वातावरणाच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी, अशा ठिकाणी पातळ अवस्था टिकत नाही, वगैरे सांगून पाहिलं. आबा हलले नाहीत. दोघांचे आवाज चढले. तेव्हा आतून काकी देव्हाऱ्यातली कापराची डबी घेऊन आल्या. झाकण उघडून त्यांनी उलटं धरलं. झाकणाच्या आतल्या अंगाला कापराचे बारीक, चकचकीत खडे धरले होते. "वड्या खाली ठेवल्यात्या," काकी म्हणाल्या. "खाली कायबी पातळ झालेलं न्हाई. वर कोण ओतायला गेलतं, तुम्ही?"

आबांनी झाकण उन्हात धरून भिंगातून पाहिलं. नंतर दोन दिवस ते रंकाळ्याला आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते असं सांगत, की वायूतून थेट घट्ट माल निघतो ही गोष्ट कापूर पाहून आपल्या आधीच लक्षात आली होती.

खरी मजा मात्र पुढं आली. सर म्हणाले, काही डाग असे भुसभुशीत, की ते कधी पुरते वितळलेच नाहीत. पण बाकीचे वितळलेत. अधांतरी थेंब होऊन गोल झालेत, परत घट्ट झालेत, आणि हे एकदाच झालेलं नाही.

आबा बाकावर पुढं सरकले. "टेंपरेचर किती?"

"अमेरिकेत स्टोल्पर आणि पॅक यांनी त्याच रसायनाचा माल बनवून भट्टीत वितळवून पाहिला. १९८६ साली छापलंय. चौदाशे अंशांच्या आसपास. त्याहून फार वर नेला तर स्फटिकांची ठेवण जुळत नाही."

चौदाशे! आबांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी लग्नात विहिणीने मान दिल्यावर बायकांच्या चेहऱ्यावर पाहिलंय. चौदाशेला आपण लोखंड ओततो. म्हणजे सूर्यमालेची पहिली हीट आणि उद्यमनगरातली शेवटची हीट एकाच रंगाची. कसा रंग दिसला असेल, हे त्या पृथ्वीच्याही आधीच्या थेंबाबद्दल छातीवर हात ठेवून सांगू शकेल असा माणूस त्या संध्याकाळी रंकाळ्यावर एकटा आबा होता.

"आणि निवला कसा? झटक्यात का सबुरीनं?"

हा प्रश्न सरांनी आयुष्यभर विद्यार्थ्यांकडून यावा म्हणून वाट पाहिली असेल. "सबुरीनं," ते म्हणाले. "तासाला दोन-पाच अंशांपासून फार तर पन्नासेक अंश. त्यावरूनच स्फटिक असे ऐसपैस वाढलेत."

"म्हणजे चिल न्हाई." आबांनी सत्त्याण्णव टक्केवाल्या पोराच्या घराच्या दिशेने एक नजर टाकली.

मग मॅग्नेशियमचं निघालं. आबांना बोलायला इथं कुणाची परवानगी लागत नाही. एसजी आयर्न करायचं तर लॅडलच्या तळाशी मॅग्नेशियमचं मिश्रण दाबून ठेवतात आणि वरून वितळलेलं लोखंड सोडतात. अकराशे अंशांच्या आतच मॅग्नेशियम उकळतं आणि लोखंड चौदाशेच्या वर. त्यामुळे लॅडलमधून असा पांढराशुभ्र जाळ उसळतो, की नवखा माणूस दोन पावलं मागं जातो आणि जुना माणूस घड्याळ बघतो. कारण त्या क्षणापासून मॅग्नेशियम उडून जायला लागतं. दहा-बारा मिनिटांत माल साच्यात गेला नाही, तर ग्रॅफाइटचे गोल दाणे धरत नाहीत आणि सगळी हीट वाया. आबांनी पोरांना शिव्या शिकवल्या त्या ह्या दहा मिनिटांत.

"अगदी तेच," सर म्हणाले. "हे थेंब जवळजवळ निर्वात जागेत वितळले, तेव्हा त्यांतलं मॅग्नेशियम आणि सिलिकॉन उडालं. त्यातही हलके अणू आधी निसटतात, जड मागं राहतात. आज त्या डागांत जड मॅग्नेशियम हजारात काही भाग जास्त सापडतं. त्यावरून कळतं, की थेंब वितळला होता आणि त्यातला किती माल उडाला."

"ओतायला उशीर केला," आबांनी निकाल दिला.

"आणि पुन्हा पुन्हा कसं कळतं, तर स्फटिकाच्या वाढीचे थर असतात. कुठं ते मध्येच खाल्ले जातात आणि त्यावर वेगळ्या घडणीची नवी वाढ येते. कुठं बाहेरून पातळ सालीसारखे थर चढलेत, एकावर एक. वार्क आणि लव्हरिंग यांनी १९७७ साली त्यांचं वर्णन केलं. केसाच्या जाडीत पाच-सहा वेगळी खनिजं. बाहेरच्या ऑक्सिजनची जातही आतल्यापेक्षा वेगळी, आणि एका डागात तर ती कडेला बदलून परत पहिल्यासारखी झालेली सापडली. म्हणजे थेंब एका वायूतून दुसऱ्या वायूत गेला, पुन्हा पहिल्याकडे आला."

"बदलीचा माणूस," आबा म्हणाले.

सगळ्यात जास्त त्यांना आवडलं ते घड्याळ. ॲल्युमिनियमची एक जात असते, सव्वीस वजनाची. ती टिकत नाही. सात लाखांच्या वर थोड्या वर्षांत अर्धी मॅग्नेशियम होऊन जाते. सूर्यमालेच्या सुरुवातीला ती जिवंत होती, हे १९७६ साली अलेंदेच्याच डागातून ली, पापानास्तासिऊ आणि वासरबर्ग यांनी दाखवलं. डाग पुन्हा वितळला की आतलं मॅग्नेशियम ढवळून सारखं होतं आणि घड्याळ परत शून्यावर येतं. काही डागांची घड्याळं काही लाख वर्षं मागं पडलेली आहेत. म्हणजे पहिली हीट झाली, माल गोडाऊनला पडून राहिला आणि काही लाख वर्षांनी कुणीतरी त्याला परत भट्टीत घातलं. असलीच घड्याळं आपल्याकडेही वाचली गेली. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत जितेंद्रनाथ गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी कझाकस्तानातल्या येफ्रेमोव्का उल्केतले डाग आयनांचा बारीक झोत मारून तपासले. हेच गोस्वामी पुढं पहिल्या चांद्रयानाचे प्रमुख वैज्ञानिक झाले.

"हीट नंबर!" आबा उभेच राहिले. "मी काय सांगत हुतो? नंबर पाडलेला हाय!"

वासरबर्ग यांच्या प्रयोगशाळेचं नाव वेड्यांचं इस्पितळ असं त्यांनी स्वतःच ठेवलं होतं, हे सरांनी हसत सांगितलं. आबांनी ते घरी जाऊन काकींना सांगितलं. काकींना त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. इथं पाटी लावायची तेवढी राहिलीय, म्हणाल्या.

मग काटोलच्या दगडात हे का दिसत नाही, असं मी मधेच विचारलं. सर म्हणाले, तो दगड ज्या लहानशा ग्रहगोळ्याचा भाग होता, त्याच्या पोटात राहून इतका मुरला, की दाण्यांच्या कडा पुसट झाल्या. जुन्या खुणा गेल्या. जयपूरजवळ मुकुंदपुऱ्यात ६ जून २०१७ रोजी पडलेला दगड आदिम जातीचा, पण त्याच्या आत पाणी फिरून बराच माल बदललेला. आबांनी माझ्याकडे दया येऊन पाहिलं. "काटोलची ती हीट न्हवं. ॲनिलिंग. वितळलं न्हाई, नुसतं सावकाश तापत ठेवलं. घडण बदलती, आतला नंबर जातोय." सरांनी मान डोलावली. वर्गातला सगळ्यात मागच्या बाकावरचा मुलगा मी होतो, हे तिघांनाही कळलं.

आबांची एकच गोष्ट सरांनी मोडून काढली. एके सकाळी दगडवाल्यांचा दरबार भरलेला असताना सर येऊन बसले. आबांनी नेहमीप्रमाणे "स्लॅग" म्हणून एका शेतकऱ्याची उल्का परत केली. सर हळूच म्हणाले, "आबा, त्या पांढऱ्या डागांत सगळ्यात जास्त जे खनिज सापडतं ना, मेलिलाइट, ते माणसाच्या कारखान्यात कुठं मिळतं माहितेय? पोलाद कारखान्याच्या झोतभट्टीच्या स्लॅगमध्ये."

आबांच्या हातातली कानस थांबली. त्यांनी जन्मभर स्लॅग खरवडून टाकला होता. भट्टीच्या तोंडावरचा लाल साका लांब दांड्याने ओढून बाहेर फेकायचा, हेच त्यांचं पहिलं काम होतं. दारावर आलेल्या शेकडो माणसांची स्वप्नं त्यांनी ह्या एका शब्दाने विझवली होती. आणि आता कळलं, की सूर्यमालेच्या आद्य मालाच्या घरचीच ही भावकी आहे, थोडी गरीब झालेली. शेतकरी बिचारा पिशवी आवरत होता. आबांनी त्याला थांबवलं.

"स्लॅगच हाय," ते म्हणाले. "पर नावं ठिवू नगंस त्याला. घरात ठीव."

तेव्हापासून आबांचं व्याख्यान सुरू झालं. टपरीवर, फौंड्रीच्या गेटवर, सलूनमध्ये. दर वेळी गोष्ट परत वितळते, तिच्यातला हलका माल उडून जातो आणि वर एक नवा थर चढतो. मूळ गोष्टीत स्टोल्पर होते. आताशा "अमेरिकेतला एक मेल्टर" आहे. चौदाशे अंश मात्र दर वेळी चौदाशेच असतात. बाकी सगळं हललं तरी आकडा हलवायचा नाही, ही मेल्टरची जात.

पण एका प्रश्नावर आबा अजून अडलेत, आणि खरं सांगायचं तर शास्त्रज्ञही तिथंच अडलेत. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा भट्टी पेटवली कुणी? आबा हा प्रश्न असा विचारतात : "लाइट बिल कुणी भरलं?"

इंडक्शन भट्टीवर उभं राहिलेल्या माणसाला बिलाची किंमत माहीत असते. फौंड्रीचा मालक नफ्यातोट्यापेक्षा युनिटवर जास्त बोलतो. सरांनी एका रविवारी आबांच्या कट्ट्यावर बसून एकेक उमेदवार पुढं केला. पहिली, वायूच्या थाळ्यातली वीज. आबांनी विचारलं, वीज कडाडली तर थेंब निवायला किती वेळ? मिनिटं, फार तर. मग बाद; ताशी पन्नास अंशांनी सावकाश निवलेला माल विजेच्या झटक्याने निघत नाही, चिल बसली असती. दुसरी, वायूतून धावणारी आघाताची लाट. लाटेमागचा वायू तापतो, दाबला जातो. आबांनी तिला राखीव यादीत ठेवलं. आधी लाट कुणी उठवली त्याचं बिल दाखवा, म्हणाले. तिसरा, थेंब सूर्याच्या अगदी जवळ भाजून निघाले आणि नंतर लांब फेकले गेले. हे आबांना पटण्यासारखं होतं, कारण त्याला पुरावा होता. वाइल्ड-२ ह्या धूमकेतूची धूळ स्टारडस्ट यानाने जानेवारी २००६ मध्ये पृथ्वीवर आणली. धूमकेतू म्हणजे सूर्यमालेच्या थंड काठावरचा बर्फाळ गडी. त्याच्या धुळीत ह्याच भाजक्या मालाचा कण सापडला. कारखाना शिरोलीत असला तरी माल चेन्नईला सापडतो, त्यात आबांना नवल वाटलं नाही.

"पण जवळ ठेवलं म्हणून परत परत का तापतंय?" आबा म्हणाले. "भट्टी सारखी चालू असली तर माल एकदाच वितळंल. मधी बंद कुणी केली, चालू कुणी केली?"

"तरुण तारे शांत नसतात," सर म्हणाले. "वायूचा थाळा त्यांच्यावर रिचत असतो. मधूनच एकदम जास्त माल येऊन कोसळतो आणि तारा भडकतो. काही वर्षं, कधी काही दशकं. मग निवतो, परत भडकतो. आपला सूर्यही तेव्हा असाच असणार, असं काही जणांचं म्हणणं आहे."

आबांचा चेहरा उजळला. चार्जिंग जास्त झालं की भडका. हे त्यांना समजण्यासाठी कुठलंही समीकरण लागलं नाही. बिलाचाही प्रश्न मिटला, कारण कोसळणारा माल स्वतःच इंधन. "मालक तापट," त्यांनी निकाल लिहून टाकला. "तरुणपणी तापट, आता वयानं निवलाय. पर असा भडकलेला तारा कुणी बघितलाय का, का नुसतं कागदावर?"

"बघितलाय की. एफयू ओरायनिस. १९३६ साली काही महिन्यांत शंभरपटीहून जास्त तेजाळला. आज इतकी वर्षं झाली, अजून पुरता निवलेला नाही."

काकी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. "कुठल्या नक्षत्रात हाय म्हणालासा सर त्यो?"

"मृगात."

"तरीच," काकी कप खाली ठेवत म्हणाल्या. "ह्यांचंबी मृगच हाय."